चार वर्षं पिंपात राहून मका उरतो का?

अमेरिकेत शार्लटला मोठ्या भावाकडे गेलो होतो. रात्री जेवणाआधी दादाने कपाटातून एक बाटली काढली आणि दोन्ही हातांनी धरून टेबलावर ठेवली. लेबलवर लालभडक कणसाचं चित्र, खाली चार वर्षं मुरवल्याची नोंद. "ही साधी बरबन नाहीये. गावरान मक्याची आहे." म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाला, "वेगळी लागते." वेगळी म्हणजे कशी? "मक्यासारखी." मी घोट घेतला. व्हॅनिला लागला, करपवलेली साखर लागली, लाकूड लागलं. मका काही सापडेना.

तेव्हापासून मी या मक्याच्या मागे लागलो. सोपं उत्तर नाही, कारण बरबन ही मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, आणि ती कायद्यानेच अशी घडवलेली आहे की तिच्यात पिंपाचं लाकूड मोठ्याने बोलणार. गावरान मक्याचा आवाज बारीक असतो. त्यामुळे अशी बाटली जोखायची म्हणजे एवढंच बघायचं की त्या गलक्यात मका ऐकू येतो का. आणि वर्षं जितकी वाढतात तितका तो कमी ऐकू येतो. लेबलवर 'गावरान' आणि 'जुनी' हे दोन शब्द शेजारी शेजारी मिरवतात खरे, पण आत त्यांचं फारसं पटत नाही.

आधी कायदा, थोडक्यात. बरबन अमेरिकेतच बनली पाहिजे. केंटकी राज्यातच हवी असं मात्र नाही. धान्यात मका किमान ५१ टक्के. गाळलेल्या दारूत अल्कोहोल ८० टक्क्यांहून जास्त नको, आणि पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांहून जास्त नको. पिंप ओकच्या लाकडाचं, कोरं करकरीत आणि आतून जाळलेलं. बाहेरून रंग किंवा चव घालायला बंदी. 'स्ट्रेट' लिहिलं असेल तर किमान दोन वर्षं मुरलेली, आणि चार वर्षांपेक्षा कमी मुरली असेल तर वय छापणं सक्तीचं. 'बॉटल्ड इन बाँड' हा १८९७ च्या कायद्यातला शिक्का: एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीखालच्या गोदामात ठेवलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची. मला हा शिक्का आवडतो, कारण त्यात जाहिरातीला वाव कमी.

या सगळ्यातला कळीचा शब्द 'कोरं' हा आहे. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात मुरते. चहाची तीच पावडर दुसऱ्यांदा उकळावी तसं. बरबनला दर वेळी नवी पावडर लागते. म्हणून चार वर्षांत तिला जो रंग आणि जी लाकडाची चव येते, ती स्कॉचला बारा वर्षांतही येईलच असं नाही.

आता मका. अमेरिकेत शेतंच्या शेतं व्यापतो तो पिवळा डेंट मका. डेंट म्हणजे दाण्याच्या डोक्यावरचा खळगा. दाण्याच्या कडेला कडक पिष्ट असतं आणि मधोमध मऊ, पिठूळ. वाळताना मधलं जास्त आकसतं आणि डोकं आत बसतं. या मक्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८४७ साली इलिनॉयमध्ये रॉबर्ट रीड यांचं पेरलेलं बी नीट उगवलं नाही. जिथे जिथे तूट पडली तिथे त्यांनी स्थानिक, कडक दाण्याचा मका टोचला. दोघांचा आपोआप संकर झाला. मुलगा जेम्स याने तो वर्षानुवर्षं निवडून सुधारला आणि १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. म्हणजे आजच्या औद्योगिक मक्याचा एक आजोबासुद्धा गावरानच, तोही दुबार पेरणीतून जन्मलेला. पुढे १९३० आणि ४० च्या दशकांत संकरित बियाण्याने शेतं काबीज केली. उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं आणि शेतकरी दर वर्षी बी विकत घेऊ लागला. गल्लीगल्लीतले वाण मागे पडले.

'एअरलूम' मका, म्हणजेच आपल्या भाषेत गावरान, हा त्या मागे पडलेल्यांपैकी एक. वाऱ्यावर परागीकरण होणारा, ज्याचं बी ठेवून पुढल्या वर्षी पेरलं तर तोच मका येतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे आणि भाताचे देशी वाण जपले, तशी माणसं तिकडेही आहेत. केंटकीत शेल्बीव्हिलजवळ जेप्था क्रीड या भट्टीत जॉइस आणि ऑटम नेदरी या मायलेकी 'ब्लडी बुचर' नावाचा गडद लाल मका स्वतःच्या शेतात पिकवतात आणि गाळतात. दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटनजवळच्या जेम्स आयलंडवर 'जिमी रेड' होता, चोरटी दारू गाळणाऱ्यांचा लाडका. शेवटी त्याची दोनच कणसं उरली होती, असं सांगतात. टेड च्युनिंग या शेतकऱ्याने ते बी वाढवलं, जुन्या वाणांची धान्यं दळणाऱ्या अॅन्सन मिल्सच्या ग्लेन रॉबर्ट्स यांनी ते हाय वायर डिस्टिलिंग या भट्टीच्या स्कॉट ब्लॅकवेल आणि अॅन मार्शल यांच्यापर्यंत पोचवलं. २०१४ साली अडीच एकर पेरा झाला. दोन वर्षांनी पहिली बरबन आली, निव्वळ त्याच मक्याची.

निव्वळ मक्याची हे महत्त्वाचं. बहुतेक बरबनमध्ये मका सत्तर-ऐंशी टक्के असतो, बाकी राय (गव्हासारखंच एक धान्य) किंवा गहू आणि मोड आणलेलं बार्ली. राय असली की मिरी-शोपेसारखा तिखटपणा पुढे येतो आणि मका तिच्या पदराआड जातो. मक्याचाच अंदाज घ्यायचा असेल तर दुसरं कुणी बोलणारं नको.

इथे दोन गैरसमज आधीच काढून टाकतो. दोन्ही माझेही होते.

पहिला, लाल मक्याची दारू जास्त लाल. नाही. मक्याचा लाल किंवा निळा रंग ज्या द्रव्यांचा असतो ती उकळून वाफ होणारी नाहीत. ती खाली मळीतच राहतात. स्टिलमधून, म्हणजे गाळायच्या भांड्यातून, बाहेर येते ती दारू पाण्यासारखी पांढरी, मग मका काळा घाला की गोरा. बाटलीतला सगळा रंग लाकडाचा.

दुसरा, मका गोड म्हणून बरबन गोड. हेही नाही. मक्यातल्या पिष्टाची साखर होते, साखरेची यीस्ट दारू करतं, आणि उरलीसुरली साखर गाळताना वर चढत नाही. जिभेला जो गोडवा वाटतो तो बराचसा जळलेल्या ओकचा आणि त्या वासाने नाकाने केलेल्या फसवणुकीचा आहे. व्हॅनिलाचा वास आला की आपण गोड समजून चालतो. लहानपणापासूनच्या आइस्क्रीमचा परिणाम.

मग गावरान मक्यातून बाटलीत येतं तरी काय? मुख्यतः स्निग्धता. दाण्याच्या कोंबात तेल असतं, आणि ते वाणावाणात कमीजास्त असतं. जिमी रेड आंबवताना टाकीत वर तेलाचा जाड थर जमलेला पाहून हाय वायरची मंडळी चक्रावली होती. तेलातली आम्लं आणि अल्कोहोल यांच्यातून एस्टर नावाची संयुगं तयार होतात. त्यातले जड एस्टर दारूबरोबर वर येतात आणि तोंडात लोण्यासारखा थर देतात. शिवाय दाण्याच्या सालीत फेरुलिक आम्ल असतं. काही जातींचं यीस्ट त्यातून लवंगेच्या वासाचं एक द्रव्य बनवतं. २०१९ साली टेक्ससमध्ये झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळे वाण वेगवेगळ्या शेतांत पिकवून त्यांची कच्ची दारू गाळली आणि हुंगणाऱ्यांपुढे ठेवली. वाण आणि शेत दोन्हींचा फरक कळला. पण तो न मुरवलेल्या दारूत, आणि तेही सगळे आधुनिक पिवळे वाण. पुढचं काम पिंपाचं.

पिंप साधारण २०० लिटरचं, पांढऱ्या अमेरिकन ओकचं. आतून जाळतात, सर्वांत गडद प्रकारात सुमारे ५५ सेकंद, आणि आतला पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा तडकतो. कोळसा गंधकाचे वास शोषून घेतो. उकडलेल्या कणसाचा जो गोडूस वास आपण ओळखतो तो मुख्यतः गंधकाच्याच एका संयुगाचा, म्हणजे कोळसा त्यातही वाटा उचलतो. कोळशाखालचं लाकूड नुसतं तापलेलं असतं, तिथे खरा माल. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिला, तापलेल्या शर्करांपासून टॉफी, ओकच्या लॅक्टोनपासून सुकं खोबरं, टॅनिनपासून तुरटपणा. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. केंटकीत दर वर्षी साधारण चार टक्के उडून जाते. आपल्या गोव्यात, कुंकळ्ळीला, पॉल जॉन व्हिस्की मुरते तिथे हाच आकडा आठ टक्क्यांच्या आसपास जातो. उकाड्यात सगळंच घाईने होतं.

छोट्या भट्ट्यांना वाट बघायला पैसा नसतो. मग काही जण वीस-चाळीस लिटरची पिंपं वापरतात. दारूच्या मानाने लाकूड जास्त, म्हणून वर्षभरात रंग गडद. पण मुरणं म्हणजे नुसतं लाकूड उतरणं नाही. हवेशी होणाऱ्या संथ क्रिया, कच्चेपणा जाऊन नवे एस्टर बनणं, याला वर्षंच लागतात. बफेलो ट्रेस या मोठ्या भट्टीने छोट्या पिंपांचा प्रयोग करून पाहिला आणि २०१२ मध्ये तो फसल्याचं स्वतःच जाहीर केलं. लोणचं उन्हात ठेवून घाईने मुरवलं की फोडी मऊ होतात आणि खार मात्र वेगळाच राहतो, तसंच.

आता चव. दुसऱ्या खेपेला दादाकडे गेलो तेव्हा तयारीनिशी गेलो. तळाशी फुगीर, वर निमुळते असे तीन सारखे ग्लास. एकात दादाची लाल कणसाची बाटली, एकात साधी चार वर्षांची पिवळ्या मक्याची, एकात छोट्या पिंपातली तरुण बरबन. प्रत्येकी १५ मिली, त्याहून जास्त कशाला. ग्लासांच्या बुडाला चिठ्ठ्या, आणि मी बाहेर गेलेला असताना वहिनीने जागा बदललेल्या. शेजारी उघड्यावर एका ग्लासात न मुरवलेली मक्याची दारू, ज्याला तिकडे 'व्हाइट डॉग' म्हणतात. ती ओळखायची नसते, ती मोजपट्टी. मक्याचा वास कसा असतो ते आधी तिच्यात हुंगून घ्यायचं.

पहिलं काम, सगळ्यांचं अल्कोहोल सारखं करायचं. एक ५० टक्के आणि एक ४५ असेल तर आपण चव तोलत नसतो, जळजळ तोलत असतो. १५ मिली, ५० टक्क्यांची ४५ वर आणायला साधारण १.७ मिली पाणी लागतं. लहान मुलांना औषध पाजायची पिचकारी यासाठी उत्तम. पाणी घालणं म्हणजे अपमान, असं मानणारे भेटतात. त्यांना वाद घालू द्यावा. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं की ४५ टक्क्यांपर्यंत ग्वायाकॉल हे धुरकट वासाचं द्रव्य पृष्ठभागाशी येतं. अल्कोहोल फार असलं की ते आत दडतं. थेंबभर पाण्याने वास खुलतो याला तेवढा आधार आहे.

हुंगताना तोंड किंचित उघडं, ग्लास हनुवटीपाशी, मग हळू वर. नाक एकदम आत खुपसलं की अल्कोहोल झिणझिण्या आणतं आणि पुढची पाच मिनिटं वाया. नाक थकलं तर आपल्याच बाहीचा वास घ्यावा. आणि मिसळ खाऊन बसू नये, हे वेगळं सांगायला नको.

वासांना नावं देताना बटरस्कॉच, मेपल यांच्या वाटेला जाऊ नका, असं माझं मत. आपलं नाक आपल्या स्वयंपाकघरात शिकलंय. काकवी आणि गूळ यातला फरक आपल्याला डोळे मिटून कळतो. सुकं खोबरं, खारीक, जायफळ, भाजलेल्या शेंगदाण्याची टरफलं, कात, ओली माती, हिरव्या फळीचा भुसा. इतके शब्द पुरतात. जुन्या बरबनमध्ये काकवी आणि खारीक असतेच, ती लाकडाची देणगी. नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास आला तर गाळताना सुरुवातीचा भाग नीट कापला नाही. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा घामट वास आला तर शेवटचा. भुसा आणि कच्ची फळी म्हणजे घाई. कात चघळल्यासारखं तोंड आवळलं, तर पिंपात गरजेपेक्षा जास्त राहिलीये.

मका शोधायचा तो या सगळ्याच्या मागे. पहिला घोट जीभ सावरण्यासाठी, तो मोजायचा नाही. दुसरा घोट तोंडात दहा सेकंद घोळवायचा आणि चवीकडे नव्हे तर वजनाकडे लक्ष द्यायचं. पाणीदार आहे की तुपकट? गिळल्यावर छातीत ऊब येते, तिला अमेरिकन लोक केंटकीची मिठी म्हणतात. ती ओसरू द्यायची. मग जिभेवर काय राहतं ते बघायचं. साध्या बरबनमध्ये बहुधा लाकूड आणि गोडवा राहतो. गावरान मक्याच्या चांगल्या बाटलीत स्निग्ध थर राहतो आणि त्यावर कोरडा, पिठासारखा, खमंग वास, मक्याची भाकरी तव्यावरून काढल्यावर खालच्या पापुद्र्याला येतो तसा. तो अर्धा मिनिट तरी टिकला पाहिजे. एक अट: बाटली थंड करून गाळलेली नसावी. दारू ४६ टक्क्यांखाली, थंडीत गढूळ होते म्हणून अनेक जण ती गारठवून गाळतात, आणि ज्या स्निग्ध एस्टरसाठी गावरान मका पेरला तेच गाळणीत अडकतात. लेबलवर 'नॉन चिल फिल्टर्ड' शोधा.

लेबलवर आणखी काय वाचावं? 'क्राफ्ट' शब्दाला कायद्यात व्याख्या नाही, त्यावर पैसे देऊ नका. 'डिस्टिल्ड बाय' आहे की नुसतं 'बॉटल्ड बाय', ते बघा. दुसऱ्याच्या भट्टीतली दारू भरून विकणारे पुष्कळ. आणि गावरान मका एकूण धान्यात किती टक्के, हे जो सांगत नाही त्याचा तो बहुधा चिमूटभरच असतो.

किमतीबद्दल एक हिशेब करून बघितला. मक्याचं एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, साधारण २५ किलो. त्यातून ५० टक्क्यांची सुमारे १९ लिटर दारू मिळते, म्हणजे ७५० मिलीच्या पंचवीसेक बाटल्या; चार वर्षांत उडून वीसेक उरतात. साधा मका बुशेलला पाच डॉलर धरला तर बाटलीमागे मक्याचे पाव डॉलर पडतात. गावरान मका पाचपट महाग धरा, तरी सव्वा डॉलर. म्हणजे दादाच्या सत्तर डॉलरच्या बाटलीत आणि तीस डॉलरच्या साध्या बाटलीत जे चाळीसचं अंतर आहे, त्यात मक्याचा वाटा एक डॉलर. बाकी छोट्या भट्टीचा खर्च, पिंपं, काच, वाट बघणं आणि लाल कणसाची गोष्ट. गोष्टीला पैसे द्यायला माझी हरकत नाही. ते बी कुणीतरी पेरत राहिलं पाहिजे. पण आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

वयाबद्दल माझा कल असा: गावरान मक्याला चार ते सहा वर्षं पुरे. दहाच्या पुढे कुठला का मका असेना, पितो आपण ओक.

तर त्या रात्री. पहिला ग्लास सोपा निघाला, भुसाच भुसा, छोटं पिंप. दुसरा आणि तिसरा यांत मी दहा मिनिटं घुटमळलो. तिसरा जास्त गोड, जास्त गोल वाटला. हाच लाल मका, असं मी छातीठोकपणे सांगितलं. दादाने चिठ्ठी उलटली. साधी पिवळी बरबन. गोडव्याला मका समजायची चूक, जी मी वर तुम्हाला करू नका म्हणालो, ती मी सगळं वाचूनसवरून केली होती.

ग्लास तसेच टेबलावर राहिले. हाही चाचणीचा एक भाग आहे, रिकामा ग्लास रात्रभर ठेवायचा. अल्कोहोल उडून जातं आणि मागे जड वास राहतात. सकाळी मी चहा घेत होतो. वहिनी थेंबभरही घेत नाही. तिचं माहेर बार्शीकडचं. ग्लास उचलता उचलता तिने एकेक नाकाला लावला.

"भावजी, हा सुताराच्या दुकानासारखा येतोय." पहिला.

तिसऱ्याला नुसती मान हलवली, "हे केकचं काहीतरी."

दुसरा ग्लास तिने खाली ठेवला नाही. परत हुंगला. "आणि हा बघा. आमच्या घरी कणगीत हात घातला की यायचा, तस्सा."